कोपऱ्यातले बारीक आकडे

आमच्या घरी सुडोकू पेनाने सोडवतात. तसा नियम कुणी केलेला नाही, पण आई तसंच सोडवायची. दुपारी ओटा आवरला की पेपरची घडी मांडीवर आणि हातात निळं बॉलपेन. घरांच्या कोपऱ्यात बारीक आकडे लिहिणं नाही, खाडाखोड नाही. बराच वेळ नुसती बघत बसायची आणि मग एकदम एक आकडा लिहायची.

मी फोनवर सोडवायचो. अ‍ॅपमध्ये शक्यता लिहून ठेवायला ‘नोट्स’ नावाचं बटण असतं, ते मी कधी दाबलं नाही. नोट्स घेणारे म्हणजे माझ्या लेखी बोटं मोजून बेरीज करणारे.

सोप्या कोड्यांत हा रुबाब चालतो. या पेटीत ७ कुठे? वरच्या दोन ओळींत ७ आधीच आहे, म्हणजे तिसऱ्या ओळीत, आणि तिथे एकच घर रिकामं. झालं. अवघड कोड्यांत मात्र असा थेट आकडा मिळत नाही. उदाहरणार्थ, ‘एक्स-विंग’. दोन आडव्या ओळींत ४ साठी फक्त दोन-दोन जागा उरल्या आहेत आणि त्या जागा नेमक्या त्याच दोन उभ्या रांगांत आहेत. मग त्या रांगांतल्या बाकी कुठल्याही घरात ४ येऊ शकत नाही. एवढा विचार करून हाती काय लागतं? एकही आकडा नाही, नुसत्या दोन-चार शक्यता खोडल्या जातात. त्या खोडलेल्या कुठेतरी दिसायला हव्यात. मी त्या डोक्यात ठेवायचो, पाच मिनिटांत विसरायचो, शेवटी वैतागून अंदाज मारायचो आणि घर लाल व्हायचं.

मग थॉमस स्नायडरबद्दल वाचलं. २००७, २००८ आणि २०११ असा तीनदा सुडोकूचा जगज्जेता झालेला माणूस. तो चक्क नोंदी करतो! फक्त मोजक्या: एखाद्या पेटीत एखादा आकडा दोनच घरांत बसू शकत असेल, तरच तो त्या दोन घरांच्या कोपऱ्यात लिहायचा. बाकी काही नाही. वाचून जरा ओशाळलो, तरी मनात म्हटलं, आईला तेवढंही लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. पुढे महिन्याभराने घरी गेलो तर टेबलावरच्या पेपरात सुडोकू, आणि घराघरांत पेन्सिलीने लिहिलेले मुंगीएवढे आकडे.

“हे काय गं?”

“अरे, आता वाचता येतात ना. आधी लिहिलं तरी ३ आहे की ८, मलाच कळायचं नाही. मग कशाला लिहायचं?”

“किती दिवस असं होतं?”

“झाली असतील दोन-तीन वर्षं. अवघड निघालं की द्यायचे सोडून.”

सोडून दिलेली कोडी रद्दीत गेली होती. मला दिसायची ती पूर्ण झालेली. भर दुपारी ती ट्यूबलाइट लावायची, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मला वाचायला सांगायची, हेही मी बघत होतो. आणि ती कोड्याकडे टक लावून बसली की मित्रांना कौतुकाने सांगायचो, आमची आई सगळं डोक्यात करते.

आता मीही ते बटण दाबतो. काल आईने अडलेल्या कोड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. स्नायडरची पद्धत सांगूनही तिने प्रत्येक घरात सगळ्या शक्यता भरल्या होत्या. झूम करून करून बघितलं. डावीकडच्या पेटीत ६ भरला होता, पण त्याच ओळीत पुढे एका कोपऱ्यात जुना ६ पुसायचा राहिला होता. नोंदी ठेवायच्या तर त्या वेळच्या वेळी पुसाव्याही लागतात, नाहीतर त्याच फसवतात. तिला तसं कळवलं.

तिचं उत्तर आलं, “अरे वा, दिसायला लागलं की तुला!”