पार्सिपनीतली शिरगणती

एखाद्या परिसरातल्या सजीवांची संख्या चार गोष्टींनी ठरते: किती जन्मले, किती मेले, बाहेरून किती आले आणि किती निघून गेले. अन्न, पाणी आणि आसरा अमर्याद नसतो, म्हणून प्रत्येक परिसर ठरावीक संख्याच पोसू शकतो. या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. न्यू जर्सीतल्या मॉरिस काउंटीतले पार्सिपनी भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती म्हणून अनेक मराठी घरांत माहीत आहे. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिथे फेरी मारली, तेव्हा हा हिशेब प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

सुरुवात घराच्या परसातच झाली. कुंपणापाशी एक हरिणी दोन पाडसांसह चरत होती. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे पांढऱ्या शेपटीची ही हरणे 1900च्या सुमारास न्यू जर्सीतून जवळजवळ संपली होती. पुढे शिकारीवर निर्बंध आले आणि सोडून दिलेल्या शेतांत पुन्हा रान माजले. लांडगा आणि प्यूमा हे त्यांचे भक्षक तर आधीच नाहीसे झाले होते. धडधाकट हरिणीला बहुधा जुळी पाडसे होतात, त्यामुळे चारा पुरतो तोवर कळप चक्रवाढीने वाढतो. मात्र कळप फार वाढला की ओक आणि मेपलची कोवळी रोपे उगवताच खाल्ली जातात. हरणांना न आवडणारी काटेरी जपानी बार्बेरी तेवढी पसरते आणि रानाची पुढची पिढीच बदलते.

तिथून लेक पार्सिपनीच्या काठी गेलो. हिरवळीवर कॅनडा गूज जातीचे हंस चरत होते. मूळचे हे पक्षी स्थलांतर करणारे. पूर्वी शिकारी जिवंत हंस आमिष म्हणून पाळत. 1935 साली या प्रथेवर बंदी आली आणि असे अनेक हंस मोकळे सोडले गेले. त्यांच्या वंशजांना स्थलांतराची वाट ठाऊकच नव्हती. कापलेले गवत, तळी आणि शिकाऱ्यांचा अभाव यांमुळे ते बारा महिने इथेच राहू लागले. जाणारे थांबले आणि संख्या वाढत गेली.

दुपारी ट्रॉय मेडोज या पाणथळीत पोहोचलो. हिमयुगाच्या अखेरीस साठलेल्या लेक पसेक या प्राचीन सरोवराचा हा अवशेष आहे. इथे वनस्पतींमध्ये जागेसाठी चढाओढ चालते. युरोपातून आलेले फ्रॅग्मायटिस हे बोरूसारखे उंच गवत जमिनीखालच्या खोडांनी पसरते आणि दाट सावली धरते. स्थानिक पाणकणीस त्यापुढे मागे हटते आणि त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांचा व प्राण्यांचा आसराही कमी होतो.

शेवटचा टप्पा बूंटनच्या जलाशयाचा होता. जर्सी सिटीला पाणी पुरवण्यासाठी रॉकअवे नदी अडवून तो 1904 साली पुरा करण्यात आला. पाण्यावर एक बाल्ड ईगल, पांढऱ्या डोक्याचा गरुड, घिरट्या घालत होता. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून या गरुडांच्या शरीरात साठले, अंड्यांची कवचे पातळ झाली आणि ती उबवतानाच फुटू लागली. 1970च्या दशकात सगळ्या न्यू जर्सीत या गरुडाचे एकच घरटे उरले होते. 1972 साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, 1980च्या दशकात कॅनडातून पिल्ले आणून सोडली गेली आणि आज राज्यात घरट्यांची संख्या अडीचशेच्या घरात आहे.

महाराष्ट्रात गिधाडांवर असाच घाला आला. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. गुरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. म्हणून ही संख्या अजूनही सावरलेली नाही.