काळोखातले पांढरे पट्टे

युद्धाच्या खुणा म्हटले की भग्न भिंती, स्मारकस्तंभ आणि त्यांवर कोरलेली नावे डोळ्यांसमोर येतात. लंडनमधल्या काही जुन्या रेल्वेपुलांखाली अजून दिसणारी एक खूण मात्र यांतल्या कशातच बसत नाही. विटांच्या खांबांचे रस्त्याकडे आलेले कोपरे तेवढे पाहावेत. माणसाच्या छातीच्या उंचीच्या आत पांढऱ्या रंगाचे आडवे पट्टे दिसतात. विरलेले, काजळीने मळलेले, कुठे कुठे केवळ विटेच्या रंध्रांत उरलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, शहरभर दिवे विझवलेले असताना, कुणी त्या खांबांवर आदळू नये म्हणून ते ओढले गेले होते.

आम्ही उभयता काही वर्षे त्या शहरात राहिलो. संध्याकाळी पायी हिंडण्याची सवय होती आणि अशा पुलांखालून रोज जाणे होई. त्या पट्ट्यांचे आम्हांला पहिल्यापासून आकर्षण वाटले, याचे कारण कदाचित आपल्याकडच्या रस्त्यांत असावे. गावाबाहेरच्या वडा-चिंचेच्या बुंध्यांवर गेरू आणि चुना यांचे पट्टे पाहतच आपण वाढलेले असतो. रात्री गाडीच्या प्रकाशात झाड आधी दिसावे, हा त्यांचा एक सरळ उपयोग. लंडनच्या त्या पट्ट्यांचे वेगळेपण असे, की ते काढले तेव्हा गाड्यांनाही पुरेसा प्रकाश नव्हता.

ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध घोषित होण्याच्या दोन दिवस आधीच सुरू झाला. रस्त्यांवरचे दिवे मालवले, खिडक्यांवर जाड काळे पडदे आले, मोटारींच्या दिव्यांवर झाकणे बसून बारीक फटींतून येईल तेवढाच उजेड उरला. हातातल्या विजेरीच्या काचेवरही पातळ कागद लावावा लागे. या अंधारावर तोड म्हणून पांढरा रंग बाहेर पडला. पदपथांच्या कडा, दिव्यांचे खांब, झाडांचे बुंधे, पुलांचे कोपरे, मोटारींचे बंपर, सारे रंगले. पुरुषांनी सदऱ्याचा मागचा शेव बाहेर सोडून चालावे, असेही सुचवले गेले. मोकाट गुरांना मोटारींनी उडवू नये म्हणून गायींच्या अंगावर पांढरे पट्टे ओढतानाची छायाचित्रे आज पाहिली की हसू येते.

ते हसू फार वेळ टिकत नाही. १९३९च्या अखेरच्या चार महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर चार हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पायी चालणारी होती. याच काळात ब्रिटनच्या भूमीवर शत्रूच्या बाँबने एकही नागरिक मेला नव्हता. तसा पहिला मृत्यू ऑर्कनी बेटांवर १६ मार्च १९४० रोजी झाला. विल्फ्रेड ट्रॉटर या ख्यातनाम शल्यचिकित्सकाने तेव्हाच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कडवटपणे लिहिले होते, की आकाशात न उडताही जर्मन वायुदल महिन्याला सहाशे ब्रिटिश नागरिक मारू शकते आहे. १ फेब्रुवारी १९४० पासून वस्तीतल्या रस्त्यांवर रात्रीसाठी ताशी वीस मैलांची वेगमर्यादा आली. तरीही १९४१ साली रस्त्यांवर ९,१६९ मृत्यू झाले. पेट्रोलचे रेशनिंग असल्याने गाड्या आधीच कमी झाल्या होत्या, तरी ब्रिटनमधला तो आजवरचा उच्चांक आहे. त्यानंतर तिथली वाहने दहापटींहून अधिक वाढली. पण २०१० पासून कोणत्याही वर्षी हा आकडा दोन हजारांवर गेलेला नाही.

ब्लॅकआउट चुकीचा होता, असे यावरून आम्ही म्हणणार नाही. पुढे बाँब पडले आणि साठ हजारांहून अधिक नागरिक त्यांत मेले. दिवे जळत असते तर आणखी किती मेले असते, याचे गणित मांडता येत नाही. आम्हांला वाटते ते एवढेच, की संरक्षणालाही बळी लागतात आणि ते बळी कुठल्याही यादीत धरले जात नाहीत. बाँबने मेलेला माणूस युद्धात मेला. अंधारात बसखाली सापडलेला माणूस अपघातात मेला. पहिल्याचे नाव सरकारी नोंदवहीत युद्धमृत म्हणून गेले. दुसऱ्यासाठी फार तर हा पट्टा उरला, तोही त्याच्यानंतर येणाऱ्यासाठी ओढलेला.

हे आम्हांला परके वाटले नाही. आमच्यापैकी एकाचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. १९७१च्या डिसेंबरात, ३ ते १६ तारखेच्या युद्धात, मुंबईनेही दिवे मालवले होते. खळ लावून काचांवर काळे कागद चिकटवले होते, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केला होता. भोंगा झाला की मुलांना तो उत्सवच वाटे. अशाच एका रात्री तळमजल्यावरचे एक आजोबा जिन्यावरून घसरले. खुबा मोडला आणि ते पुन्हा कधी चालले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणीतरी चुना भिजवून प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी रेघ ओढली. पुढे कितीतरी वर्षे चाळीत त्या युद्धाच्या गोष्टी रंगत. ढाका, शरणागती, विमानवेधी तोफांचा आवाज. त्या गोष्टींत आजोबा कधी आले नाहीत. आता ती चाळही नाही. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या जिन्यात रात्रभर दिवे असतात.

लंडनमध्ये पुलांखालचेच पट्टे का टिकले, याचेही कारण साधे आहे. पदपथांच्या कडा झिजल्या किंवा बदलल्या, दिव्यांच्या खांबांना नवे रंग बसले. तिथले प्लेन वृक्ष तर आपली साल खवल्यांनी टाकून देतात. त्यांच्यावरचा रंग त्यांनीच कधीचा उतरवला असेल. पुलाखाली मात्र ऊन-पाऊस कमी लागतो आणि त्या विटा पुन्हा रंगवण्याची गरज कुणाला वाटत नाही. म्हणजे हे पट्टे जपले गेले नाहीत, ते नुसते राहून गेले. वेस्टमिन्स्टरच्या लॉर्ड नॉर्थ स्ट्रीटवर घरांच्या विटांवर आश्रयस्थानांची वाट सांगणारी अक्षरे अजून वाचता येतात. प्रवासी थांबून त्यांची छायाचित्रे घेतात. अक्षरांना अर्थ असतो हे सर्वांना ठाऊक असते. पट्टा काही बोलत नाही. भिंत स्वच्छ करायला आलेल्या कामगाराने तो घासून काढला, तर त्याला दोष कसा द्यावा?

७ मे २०२५ रोजी भारतात नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली आणि ब्लॅकआउट हा शब्द नव्या पिढीच्या कानांवर प्रथमच आला. दिवे कसे मालवावेत, याच्या सूचना सर्वत्र फिरत होत्या. दिवे मालवल्यावर जिना कसा उतरावा, हे आमच्या वाचनात कुठे आले नाही. सूचना लिहिणाऱ्याची नजर आकाशाकडे असते आणि ते स्वाभाविकही आहे. पण काळोखात कुणाला तरी पायाखाली पाहावेच लागते. त्या पुलांच्या कोपऱ्यांवर ब्रश फिरवणाऱ्या कुण्या अनाम कामगाराने ते पाहिले होते. लंडनला जाणाऱ्या वाचकाने अशा एखाद्या पुलाखाली क्षणभर थांबून खांबाच्या कोपऱ्याकडे जरूर पाहावे.