बिनटोलचा रस्ता

मॅप्समध्ये ‘टोल टाळा’ असा एक पर्याय असतो. पुण्यात असताना त्याच्याकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. मुंबईला एक्स्प्रेसवेनं गेलं तरी टोल आणि जुन्या हायवेनं गेलं तरी टोल. टाळणार काय, कपाळ! फ्रान्समध्ये हा पर्याय खरोखर काम करतो. इथल्या बहुतेक टोलरस्त्यांच्या शेजारून जुना, फुकटचा रस्ता जातो. तो गावागावांतून, गोल चौकांतून, सिग्नलवर थांबत थांबत जातो, पण पोचवतो. त्यामुळे प्रत्येक प्रवासाआधी फोन सरळ प्रश्न विचारतो: तुझा वेळ केवढ्याचा?

मी लिओंला नोकरी करतो, ती दिजोंजवळच्या एका गावात राहून पीएचडी करतेय. मधलं अंतर दोनशे किलोमीटरला थोडं कमी. ऑटोरूटनं म्हणजे टोलरस्त्यानं गेलं तर दोन तास, बिनटोलनं साडेतीन. ट्रेन आहे आणि चांगली आहे, पण शुक्रवारी रात्री दिजों स्टेशनवरून तिच्या गावाला जायला बस नसते. म्हणून एक जुनी क्लिओ घेतली.

गाडीपेक्षा गाडी चालवणं महाग, हे लवकरच कळलं. नव्या ड्रायव्हरकडून विमा कंपनी पहिल्या वर्षी दुपटीपर्यंत हप्ता घेऊ शकते, कायद्यानंच तशी मुभा आहे. शिवाय परवाना नवा असेल तर गाडीच्या मागे लाल ‘ए’ लावायचा आणि तीन वर्षं ऑटोरूटवर ताशी ११०च्या वर जायचं नाही. बाकीच्यांना १३०. टोलमध्ये सवलत मात्र नाही. म्हणजे १३०च्या रस्त्याचे पूर्ण पैसे भरून मी ११०नं जातो.

दिजोंपर्यंतचा टोल पंधरा युरोंच्या आसपास आणि पेट्रोल वीस युरोंचं. महिन्यातून दोनदा जाऊन-येऊन एकशेचाळीस युरो. सुरुवातीला मी याचे रुपये करायचो. पॅरिस ते लिओं साधारण ४६० किलोमीटर, टोल ३५ ते ४० युरो, म्हणजे किलोमीटरला आठेक रुपये. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२३पासून कारला ३२० रुपये पडतात, म्हणजे किलोमीटरला साडेतीनच्या आत. ‘बघा, आपल्याकडे किती स्वस्त!’ असं घरच्या ग्रुपवर टाकावंसं वाटतं, पण हा हिशेब निरर्थक आहे. इथल्या किमान वेतनात तासाला हातात साडेनऊ युरोंच्या आसपास पडतात. पॅरिस-लिओंचा टोल म्हणजे चार तासांची मजुरी. रुपयांपेक्षा तासांत मोजलं की डोक्यात प्रकाश पडतो.

आणि तासांत मोजणं हेच माझं काम आहे. आमची टीम मालवाहतुकीच्या गाड्यांसाठी रस्ते ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिते. कॉलेजात डायक्स्ट्राचा अल्गोरिदम शिकलो होतो: नकाशा म्हणजे ग्राफ, रस्ता म्हणजे कड, प्रत्येक कडेला एक वजन, आणि सगळ्यांत हलका मार्ग शोधायचा. परीक्षेत वजनं दिलेली असायची. नोकरीत ती कुणीतरी ठरवतं. किलोमीटर, इंधन आणि टोल यांची बेरीज करता येते, पण मिनिटं त्यांत मिसळायची तर आधी मिनिटांचे युरो करावे लागतात. त्यासाठी आमच्या कोडमध्ये एक आकडा आहे. ड्रायव्हरचा एक तास बरोबर इतके युरो. तो आकडा थोडा वर नेला की सगळे ट्रक ऑटोरूटवर जातात, खाली आणला की गावांच्या गल्ल्यांत उतरतात.

मला वाटायचं, असं काहीतरी आमच्यासारखेच लोक करत असतील. पण फ्रेंच सरकारही हेच करतं, आणि जाहीरपणे करतं. नवा रस्ता किंवा रेल्वे बांधावी का, हे ठरवताना वाचणाऱ्या वेळेची किंमत धरतात. २०१३च्या किने अहवालात शहरी प्रवासासाठी तासाचे दर दिलेत: कामानिमित्तच्या प्रवासाला १७.५ युरो, घर ते ऑफिस १० युरो, आणि इतर कारणांसाठी ६.८ युरो. ‘इतर’मध्ये बाजारहाट, आजारी आत्याला भेटणं आणि प्रेम, सगळं एका रकान्यात. त्यामागचं अर्थशास्त्र मला कळतं. कामाचा तास बुडाला की मालकाचं नुकसान होतं, ते मोजता येतं. तरी साडेसहाला लॅपटॉप बंद करून गाडीत बसलो की माझा तास निम्म्याहून स्वस्त होतो, हे वाचून जरा लागलंच.

खर्च वाटून घ्यायला मी कारपूलच्या अ‍ॅपवर सीट देतो. नियमानं ड्रायव्हरला नफा कमवता येत नाही, फक्त खर्च वाटता येतो. अशाच एका शुक्रवारी शालोंपर्यंत एक बाई होत्या. पन्नाशीच्या, वृद्धाश्रमात शुश्रूषेचं काम करणाऱ्या. टोलचं तिकीट घेताना म्हणाल्या, “तुम्ही तरुण लोक किती सहज घेता हे.” त्या कामावर रोज चाळीस किलोमीटर जातात, चाळीस येतात. ऑटोरूटनं गेलं तर दिवसाला सहा युरो जातील, म्हणजे वर्षाला साधारण एका महिन्याचा पगार. म्हणून पंधरा वर्षं त्या जुन्या रस्त्यानंच जातायत. सकाळची पाळी सहाची, त्यामुळे उठायचं चारला.

“आणि मग त्या रस्त्याचा वेग ८० केला,” त्या म्हणाल्या.

हे मला माहीत नव्हतं. जुलै २०१८मध्ये सरकारनं दुपदरी साध्या रस्त्यांवरची मर्यादा ९०वरून ८०वर आणली. कारण अपघाती मृत्यूंचं होतं, आणि ते कारण खरंच होतं. पण ऑटोरूटचे १३० तसेच राहिले. वर इंधनावरचा कर वाढणार होता. १७ नोव्हेंबरला लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत उभे राहिले. ते जाकीट २००८पासून प्रत्येक गाडीत ठेवणं सक्तीचंच आहे, त्यामुळे गणवेश आधीच वाटून झालेला होता. या बाईही शालोंबाहेरच्या एका गोल चौकात तीन आठवडे पाळी संपवून उभ्या राहायच्या. टोलनाक्यांवर लोक आडवे दांडे उचलून धरायचे आणि गाड्या फुकट सोडायचे. “तेवढा एक महिना मी ऑटोरूटनं घरी गेले,” असं म्हणून त्या हसल्या.

बाहेरून बघताना मला तो पेट्रोलच्या भावाचा दंगा वाटला होता. पण ज्यांचा तास कुठल्याच कोष्टकात महाग धरलेला नव्हता, त्यांचा तो तासांचा हिशेब होता.

टोलचे पैसे जातात कुठे, हेही त्या दिवसानंतर वाचलं. १९५५च्या कायद्यानं टोलला परवानगी मिळाली ती अपवाद म्हणून. २००५-०६मध्ये सरकारनं ऑटोरूट कंपन्यांतला आपला वाटा सुमारे १४.८ अब्ज युरोंना खासगी समूहांना विकला. २०१४मध्ये इथल्या स्पर्धा प्राधिकरणानं हिशेब मांडला: टोलच्या दर १०० युरोंमागे २० ते २४ युरो निव्वळ नफा. दर दरवर्षी १ फेब्रुवारीला बदलतात. मोठे करार २०३१ ते २०३६च्या दरम्यान संपतील, तेव्हा पुन्हा वाटाघाटी होतील. रस्ते उत्तम आहेत, यात वाद नाही. खड्डा शोधून सापडत नाही. पण नाका आता अदृश्य व्हायला लागलाय. पॅरिसहून नॉर्मंडीला जाणाऱ्या ए१३वर २०२४च्या अखेरीपासून नाकेच नाहीत, वर फक्त कॅमेरे. ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरा, नाहीतर दंड. उचलायला दांडाच उरला नाही.

ब्रिटनीत मात्र चारपदरी रस्तेही फुकट आहेत. लोक सांगतात, राणी ॲननं पंधराव्या-सोळाव्या शतकात तसा करार करून घेतला होता. दंतकथा छान आहे. खरी गोष्ट द गॉलच्या काळातली: कोपऱ्यातल्या मागास प्रांताला जोडण्यासाठी सरकारनं तिथे फुकट रस्ते बांधायचं ठरवलं. म्हणजे मनात आणलं तर वेगळं वजनही लावता येतं.

बिनटोलचा रस्ता मी नंतर मुद्दाम धरला. माकों, तुर्नू, शालों, बोन. अर्ध्या गावांत बेकरी बंद आणि खिडक्यांवर ‘विकणे आहे’च्या पाट्या. तुर्नूचं जुनं दगडी मठ-चर्च रस्त्यावरूनच दिसतं. बोननंतर दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, एकेका बाटलीचे शेकडो युरो घेणाऱ्या गावांच्या पाट्या, आणि त्यांच्यामधून ८०नं जाणारी कामगारांच्या व्हॅनची रांग. रस्ता सुंदर आहे. पण मला तो सुंदर वाटतो, कारण मी तो रोज पहाटे चारला उठून पाहत नाही.

हे सगळं मी तिला सांगत होतो, आकड्यांसकट. एक्सेल उघडलेलं होतं. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, “शुक्रवारी येताना टोलनं ये. रविवारी जाताना बिनटोलनं जा. तिकडे कोण वाट बघतंय तुझी?”

तेव्हापासून तसंच करतो. एकाच कडेला जाताना एक वजन, येताना दुसरं. महिन्याला तीस युरो वाचतात. रविवारी रात्री दीड तास उशिरा पोचतो.