पितळेचे कडे

आर्ट्‌सच्या पोराने कार्बोरेटरवर लेख लिहावा, हे पाहून कुणी हसेल. हसू द्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; पण कार्बोरेटरची ओळख मात्र मुळाक्षरांच्याही आधीची. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका बोळात आबांचे दहा बाय बाराचे गॅरेज आहे. आबा सातवी शिकलेले. ते त्या वस्तूला ‘कारबेटर’ म्हणतात आणि गेली तीस वर्षे तोच साफ करीत, जुळवीत आले आहेत.

तसे पाहिले तर ही वस्तू साधी आहे. इंजिन हवा ओढते. वाटेत एक अरुंद गळा असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल ‘जेट’च्या बारीक भोकातून वर येऊन तुषारासारखे हवेत मिसळते. पुस्तकात लिहिले आहे, की वजनाने एक भाग पेट्रोलाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. शर्यतीत जादा ताकद हवी तर हवा थोडी कमी, साडेबारा-तेरा भाग. आबांना हे आकडे ठाऊक नाहीत. ते प्लग काढून उजेडात धरतात. चुन्यासारखा पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळासारखा काळा असेल तर जास्त, विटकरी असेल तर बरोबर.

बारावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत एका इंजिनिअरिंग कॉलेजची चार मुले टेम्पोत घालून एक कार्ट घेऊन आली. कार्ट म्हणजे स्प्रिंग नसलेली, जमिनीलगत पळणारी चिमुकली शर्यतीची गाडी. पहिली कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावून बनवली. या मुलांनी १२५ सीसी मोटारसायकलचे इंजिन बसवले होते. कॉलेजांच्या स्पर्धेत ती उतरवायची होती. सरळ रस्त्यावर गाडी झकास पळे. पण वळणात आली, की भक्‌भक्‌ करून दम सोडी.

“मोठा जेट टाका, पेट्रोल वाढवा,” त्यांचे फर्मान सुटले.

आबा सामान आणायला गेले होते. चार शिकलेली मुले समोर उभी. मला आपली हुशारी दाखवायची खुमखुमी आली. मी शंभर नंबरचा जेट काढून एकशे दहाचा बसवला. त्या जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. नंबर दहाने वाढला तरी भोकाचे क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते, हा हिशेब मी पुढे सवडीने केला. तेव्हा एवढेच दिसले, की गाडी आता सरळ रस्त्यावरही काळा धूर ओकू लागली आणि वळणातला आजार होता तिथेच राहिला.

आबा आले. रागावले नाहीत. चहाचा भरला पेला ताटलीत ठेवून त्यांनी मला विचारले, “मोटरसायकल वळणात काय करती?”

“कलते.”

“आन्‌ ही?”

मी गप्प. कार्ट कलत नाही. आबांनी ताटली झटकन बाजूला ओढली. चहा एका कडेला चढला, दुसऱ्या बाजूला पेल्याचा तळ दिसला.

“पेट्रोल कमी न्हाई, लेका. जाग्यावर न्हाई. जेट उघडा पडतोय.”

चौघेही त्या पेल्याकडे बघत राहिले. वळणातला जोर गाडीच्या वजनाइतका झाला, तर वाटीतले पेट्रोल पंचेचाळीस अंशांनी तिरपे होते. म्हणूनच शर्यतीच्या खास टू-स्ट्रोक कार्टना बहुधा वाटी नसलेला, पडद्याचा कार्बोरेटर असतो, हे मी नंतर वाचले. त्या मुलांच्या खिशाला तो परवडणारा नव्हता.

आबांनी शेजारच्या लेथवर पितळेचे एक कडे कातून घेतले, अंगुस्तानाएवढे. त्याला तळाशी बारीक भोके पाडली आणि वाटीच्या आत जेटभोवती ते बसवले. आता पेट्रोल कडेला पळाले तरी कड्यातले लगेच सुटत नव्हते. फ्लोटची पत्ती केसभर वाकवून वाटीतली पातळी किंचित वाढवली. जेट पुन्हा शंभरचाच. संध्याकाळी मोकळ्या मैदानात कार्ट डावीकडे आणि उजवीकडे गरागरा फिरवली. एकदाही भक्‌ झाले नाही. प्लग विटकरी निघाला. आबांनी तीनशे रुपये घेतले आणि हात धुतले.

काही महिन्यांनी त्यांच्यातल्या एकाने मला त्यांच्या अहवालाच्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवला. ‘कार्बोरेटरमधील सुधारणा’ असे शीर्षक, कड्याची रेखीव आकृती, सगळी मापे आणि खाली चार नावे. आबांचे नाव कुठेच नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तो फोटो आबांपुढे धरला.

“गाडी पळाली न्हवं?” ते म्हणाले, “मग झालं.”

माझे मात्र झाले नाही. रात्री अंथरुणावर त्या मुलांना मनातल्या मनात शिव्या घालता घालता एकदम आठवले. त्याच जूनमध्ये मी या कॉलेजचा प्रवेश-अर्ज भरला होता. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी मी पेन थांबवले, इकडेतिकडे पाहिले आणि लिहिले : व्यापार. त्या मुलांनी आबांचे नाव गाळले. मी त्यांचे काम गाळले होते. ती तर परकी होती.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींत इंजेक्शन आले. आबांकडे आता येतात त्या बहुतेक जुन्या गाड्या. त्या आणखी किती वर्षे येतील, हे मी त्यांना विचारत नाही आणि तेही बोलत नाहीत. ते पितळेचे कडे कुणाच्या तरी गाडीत गेले; आमच्याकडे त्याचा नमुनासुद्धा नाही. लेथवर कातणे मला येत नाही. लिहिणे थोडेफार येते, म्हणून ते इथे लिहून ठेवले.

जूनमध्ये तृतीय वर्षाचा अर्ज भरायचा आहे. त्या रकान्यात मी ‘कारबेटरचे मेस्त्री’ असे लिहिणार आहे. शब्द अशुद्ध आहे म्हणून कुणी खोडला, तर पुन्हा लिहीन.