विषाची आकृती

रोगाला रूप असते, हे आमच्या पूर्वजांना कोणी शिकवावे लागले नाही. अनसिंगला आमच्या घरी पटकीचे रूप सर्वांच्या ओळखीचे होते. ती मरीमाय होती, आणि तिला शेंदूर व नारळ लागे. माझ्या आजीचा थोरला मुलगा पटकीने एका रात्रीत गेला. बोललेला नवस फेडायचा राहिला म्हणून माय कोपली, असे आजीने मनाशी धरले. पुत्रवियोगाचे दुःख कालांतराने बोथट झाले; पण तो आपल्यापायी गेला हा सल अखेरपर्यंत निघाला नाही.

मी वाङ्मयाचा अध्यापक. रसायनाशी माझा परिचय बेताचाच. तरीही पटकीचे दुसरे रूप मी अलीकडे मोठ्या कुतूहलाने न्याहाळले. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, जंतू गाळून काढले तरी त्यांनी सोडलेले विष आतड्यात पाणी साठविते. हे विष म्हणजे एक प्रथिन. त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून शास्त्रज्ञांनी उलगडलेली रचना १९९५ साली प्रसिद्ध झाली. पाच सारखे घटक कडे करून बसलेले, आणि त्यावर सहावा. पाचांचे काम आतड्याच्या पेशीवरील एका विशिष्ट शर्करेला चिकटणे; सहाव्याचे काम आत शिरून पेशीची एक कळ दाबून धरणे. मग क्षार बाहेर वाहतात आणि पाणी त्यांच्यामागे धावते. मात्र पेशी मरत नाही. साखरेच्या सोबतीने मीठ आत घेण्याची तिची वाट शाबूत राहते. म्हणूनच १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांना मीठ-साखरेच्या पाण्याने पुष्कळांचे प्राण वाचविता आले.

उपाय आधीच सापडला होता, तर मग या आकृतीचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. पाचांचे ते कडे एकटे निरुपद्रवी असते, आणि तोंडावाटे देण्याच्या एका लशीत त्याचा उपयोगही होतो, हे एक उत्तर झाले. मला त्याहून मोलाचे वाटते ते निराळेच. या रचनेत कोपाला कोठे जागाच नाही. समोर जुळणारी शर्करा आली की ते घटक चिकटतात. कोणाचा नवस राहिला, याची चौकशी ते करीत नाहीत.

आजी आज असती, तर तिला मी रसायन सांगत बसलो नसतो. ते चित्र तिच्यापुढे धरून एवढेच म्हणालो असतो, “आजी, यात तुझं नाव कुठंच नाही.”