तीनशे सर्व्हरची हजेरी

मी चंदीगडमध्ये बसून मुंबईतले संगणक चालवते, असं सांगितलं की सांगलीची माझी मावशी अजून विचारते, "म्हणजे तू नेमकं बटण कुठलं दाबतेस गं?" प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. तुम्ही रात्री अकराला मोबाइलवर रक्ताचा रिपोर्ट उघडता, तो कुठल्या तरी सर्व्हरवरून येतो. हे सर्व्हर पूर्वी कंपनीच्याच एखाद्या थंडगार खोलीत असत. आता बहुतेक भाड्याचे असतात. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रं सुरू केली, तिथले तीनशेच्या वर सर्व्हर आमच्याकडे सांभाळायला आहेत. माझं ऑफिस इथल्या आयटी पार्कात, सुखना तलावापासून जवळ. त्या सर्व्हरपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

एक-दोन सर्व्हर असले तर एकेकात शिरून काम करता येतं. त्या शिरण्याच्या पद्धतीला एसएसएच म्हणतात. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तातू युलोनेन या संशोधकाने ती तयार केली आणि तिला दार क्रमांक २२ मिळाला. चंदीगडमध्ये बावीस म्हटलं की लोकांना सेक्टर २२ मधलं शास्त्री मार्केट आठवतं, मला ते दार आठवतं. पण तीनशे सर्व्हर म्हणजे तीनशे दारं, आणि दार दिसलं की कडी वाजवून बघणारे येतातच.

म्हणून आता वेगळी सोय असते. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, त्याला एजंट म्हणतात. तो स्वतःच एका मध्यवर्ती जागी विचारत राहतो, "माझ्यासाठी काही काम आहे का?" बाहेरून कुणाला आत यावं लागत नाही, त्यामुळे दार बंदच ठेवता येतं. मी हुकूम त्या मध्यवर्ती जागी लिहून ठेवते. कुणासाठी, ते नावाने लिहायचं नाही, टॅग सांगायचा: रिपोर्ट विभागातले, रोजच्या वापरातले, सगळे. चंदीगडच्या पत्त्यासारखंच आहे हे. इथे गल्लीचं नाव कुणी विचारत नाही, सेक्टर आणि घर क्रमांक सांगितला की झालं.

गावात दवंडी पिटतात तसं वाटेल तुम्हाला. पण दवंडीवाला उत्तराला थांबत नाही. आमचं निम्मं काम हुकूम गेल्यावर सुरू होतं. पडद्यावर एकेक ओळ येते: झालं, झालं, जमलं नाही, झालं. आणि काही जागा कोऱ्याच राहतात.

सगळ्यांना एकदम सांगता येणं ही सोय आहे तशी भीतीही आहे. २८ फेब्रुवारी २०१७ ला खुद्द ॲमेझॉनमध्ये एका कर्मचाऱ्याला बिलांच्या यंत्रणेशी संबंधित थोडेसे सर्व्हर बाजूला काढायचे होते. हुकुमातला एक आकडा की शब्द चुकीचा गेला आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट सुमारे चार तास अडखळल्या. नंतर कंपनीने ते साधनच बदललं. आता ते सर्व्हर हळूहळू काढतं, आणि ठरावीक संख्येच्या खाली जाऊच देत नाही. माणसाला बोल लावत बसण्यापेक्षा साधन बदललं, हे मला फार आवडलं.

आमच्या टीममधले एक वयस्कर सरदारजी, ज्यांना सगळे पाजी म्हणतात, नव्या मुलांना एवढंच सांगतात: "पहलां इक ते चला के वेख, फेर चाह पी." आधी एकावर चालव, मग चहा पी. चहा होईपर्यंत तो एक सर्व्हर नीट राहिला तर पुढचे दहा, मग पन्नास. तुमच्या मोबाइलवर एखादं अपडेट शेजारणीपेक्षा दोन दिवस उशिरा येतं ना, त्यामागेही बहुधा हाच चहा असतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचं सदोष अपडेट जगभर एकदम गेलं. ७८ मिनिटांत मागे घेतलं, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळे पडले होते. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आठवतंय? बिघडलेले संगणक सुरूच होत नव्हते, मग लांबून दिलेला हुकूम ऐकणार कोण? बहुतेक ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जावं लागलं.

पण मला जास्त धास्ती एखादा सर्व्हर सुटून जाण्याची वाटते. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम टाकायचा होता, तो सातांवरच पडला. आठव्याने जुन्या प्रोग्रॅमच्या जोरावर वेड्यासारखी खरेदी-विक्री केली. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान!

आमची तशी रात्र डिसेंबर २०२१ मध्ये आली. जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी लिहिण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लॉगफोरजे नावाच्या भागात एक भोक सापडलं. कुणीही बाहेरून एक विशिष्ट ओळ पाठवायची, की सर्व्हर तिच्यातला हुकूम पाळणार. म्हणजे जे मी परवानगीने करते, ते जगातला कुणीही करू शकत होता. आमच्या त्या सर्व्हरवर एका रुग्णालय साखळीचे रिपोर्ट होते.

शनिवारी ११ तारखेला, बाहेर दाट धुकं, मी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मुलगी शेजारच्या खोलीत झोपलेली. आधी एक सर्व्हर, मग दहा, मग बाकीचे. रात्री दोनपर्यंत ३१२ पैकी ३०९ "झालं" म्हणाले. उरलेल्या तिघांचे एजंट बंद पडले होते, ते पाजींनी जागे केले. पूर्ण यादी हिरवी झाली.

तेव्हा पाजींनी फोनवर विचारलं, "यादी कुणी केली?" चंदीगडच्या मूळ आराखड्यात १३ क्रमांकाचं सेक्टरच ठेवलेलं नव्हतं, बारानंतर थेट चौदा. (पुढे २०२० मध्ये मनीमाजराला तो क्रमांक दिला गेला.) सेक्टरच नसेल तर तिथे पत्र पोचलं नाही अशी तक्रार कोण करणार? ज्या सर्व्हरवर एजंट नाही, टॅग नाही, तो आमच्या यादीतच नसतो, मग गैरहजर तरी कसा दिसेल?

आम्ही भाड्याचं बिल काढलं. बिलातल्या ओळी ३१३ होत्या.

जास्तीचा एक सर्व्हर कधीतरी चाचणीसाठी सुरू केलेला होता. कुणी, ते कुणालाच आठवेना. त्यावर जुन्या रिपोर्टांच्या प्रती होत्या, खऱ्या नावांसकट, आणि भोक पडलेला तोच भाग. त्याच्या नोंदींत बाहेरून कडी वाजवून गेल्याच्या ओळी सापडल्या. आत शिरल्याची खूण आम्हाला मिळाली नाही. पहाटे चारला रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना उठवून सगळं सांगितलं आणि त्यांच्या परवानगीने तो सर्व्हर बंद केला.

पुढच्या आठवड्यात दुरुस्तीची दुरुस्ती आली, मग तिचीही. दोन्ही वेळा आधी बिल, मग यादी.

त्या सोमवारी मात्र मी दिवसभर वाट पाहत होते, की तो सर्व्हर बंद झाल्यामुळे कुणाचं तरी काम अडेल आणि फोन येईल. एकही फोन आला नाही.