धाकटा ओढ्यात उतरला आणि...

मुलांनो, शिरूरहून चौफुल्याकडे जाताना न्हावरे लागतं. साखर कारखान्याचं गाव. सगळीकडे ऊस आणि मोकळं रान. दिवाळीत माझ्या भाच्यांनी तिथे खेळण्यातले दोन वॉकीटॉकी आणले. थोरला रस्त्यावर उभा, धाकटा बांधाबांधाने लांब चाललेला. "ऐकू येतंय का रे?" "येतंय, दादा!" मग धाकटा ओढ्यात उतरला आणि आवाज एकदम बंद! थोरला अनवाणीच धावत सुटला. बघतो तर हा खाली खेकडे शोधतोय.

झालं एवढंच, की असल्या वॉकीटॉकीच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात आणि मध्ये ओढ्याचा काठ आला.

चंद्रावर तर ओढ्याचीही गरज नाही. दीड मीटर उंचीच्या मुलाला सपाट जमिनीवर पृथ्वीवर सुमारे ४.४ किलोमीटरवर क्षितिज दिसतं, चंद्रावर अवघ्या २.३ किलोमीटरवर. चंद्र लहान, त्यामुळे त्याची जमीन लवकर वळते. त्याच्या पलीकडच्या बाजूवरून तर पृथ्वी कधीच दिसत नाही. म्हणून २०१९ च्या जानेवारीत तिथे यान उतरवण्याआधी चीनने २०१८ मध्येच निरोप्या उपग्रह पाठवून ठेवला होता.

पण डोंगर दरवेळी वाईटच असं नाही हं! आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! तिथले डोंगर शहरांतला रेडिओ-गोंगाट अडवतात, म्हणून आकाशातली कुजबुज ऐकू येते. १९ ऑक्टोबर २०१६ ला 'स्कियापारेली' हे युरोपचं यान मंगळावर उतरत होतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी असलेला त्याचा क्षीण संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदने थेट टिपला. ठरलेली उतरण्याची वेळ जवळ आली, आणि त्याच्या जरा आधीच तो थांबला.

हे ऐकून धाकटा म्हणाला, "मामा, ते पण ओढ्यात उतरलं असेल!"

नाही रे बाबा. ते अजून सुमारे ३.७ किलोमीटर उंचावर होतं. पण मोजमाप चुकलं आणि त्याच्या संगणकाला वाटलं, आपण जमिनीच्याही खाली पोचलो. त्याने इंजिनं बंद केली, आणि यान थेट खाली कोसळलं.